हेर्लेकरांची बिनसांध्याची रेल्वे

ओमानमध्ये रेल्वे नाही. होणार आहे म्हणतात, सोहारकडे रूळ टाकायचं कामही सुरू झालंय, पण आज या घडीला तिकीट काढून बसावं अशी एक गाडी अख्ख्या देशात नाही. आणि तरीही मस्कतजवळच्या अल खौदमधल्या एका घरातून गेली कित्येक वर्षं खाबुऱ्याहून दुक्मला गाडी सुटत होती. तिच्यापायी कल्पना हेर्लेकरांच्या घरात पाहुण्यांची खोली म्हणून उरली नव्हती. पुण्याहून कुणी येतो म्हणालं की कल्पना सरळ सांगायची, "या की! पण झोपायला दुक्मच्या रिफायनरीवर जागा आहे, चालेल का बघा."

गाडी तिच्या नवऱ्याची. कृष्णकांत हेर्लेकर, वेल्डिंग इन्स्पेक्टर. हा काय धंदा असतो ते कल्पनाच्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही, पण धंदा साधा आहे. तेलाच्या दोन नळ्या जिथे जोडल्या असतील तिथे बॅटरी मारून वाकून बघायचं, सांध्यावरून बोट फिरवायचं, आणि नापास करायचं. पासही करावं लागतं अधूनमधून, पण त्यात काय मजा! कृष्णकांतचं बोट इतकं तयार झालं होतं, की लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्याने करंजीची मुरडसुद्धा चष्मा वर करून तपासली होती. दुसऱ्या दिवाळीला त्याची तशी हिंमत झाली नाही.

माणूस तसा गरीब स्वभावाचा. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. लहानपण पुण्यात घोरपडीच्या रेल्वे फाटकापाशी गेलेलं. फाटक पडलं की बाकीची पोरं शाळेला उशीर म्हणून रडकुंडीला यायची, आणि हा खूश. गाडी जाईपर्यंत डोळे मिटून नुसता आवाज ऐकत उभा राहायचा. त्या फाटकाने एक वेडा तयार केला आणि तो कल्पनाच्या पदरात घातला, असं तिचं म्हणणं.

संसाराला सुरुवात झाली सोहारकडच्या खाबुरा गावात, रशीद म्हणून एका ओमानी माणसाच्या वडिलांच्या खजुराच्या बागेतल्या दोन खोल्यांत. मग मुलगी, ऋचा, शाळेच्या वयाची झाली म्हणून अल खौदला रशीदच्याच या घरात बिऱ्हाड हललं. कल्पनाला इंडियन स्कूलमध्ये प्राथमिकला नोकरी लागली. आता जरा बस्तान बसतंय म्हणेपर्यंत कंपनीने कृष्णकांतला दुक्मला धाडलं. दुक्म म्हणजे वाळवंटाच्या पार टोकाला. तिथे बंदर, रिफायनरी आणि नुसते पुरुष. गुरुवारी काम संपलं की गाडी काढायची, अर्धी रात्र रस्त्यावर घालवून घरी यायचं, आणि शनिवारी दुपारी जेवण अंगावर यायच्या आत परत निघायचं. ऋचा गाडीच्या मागे पळायची, मग काही वर्षांनी पळायची बंद झाली.

त्या दिवसांत कृष्णकांतने मागच्या खोलीत एक मोठं टेबल उभं केलं. त्याच्यावर खाबुरा आलं, रशीदची बाग आली. खजुराची झाडं कल्पनाच्या खराट्याच्या काड्यांची. मग डोंगर, वादी म्हणजे पावसापुरती वाहणारी कोरडी नदी, अल खौदचं स्टेशन आणि पार पलीकडे दुक्म, धुरांड्यांसकट. जिथे देशात रेल्वे नाही तिथे ह्या बाबाने रेल्वे टाकली, आणि दुक्मची गाडी अल खौदला चहा निवायच्या आत पोचायला लागली. का टाकली हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. पण अल खौदच्या फलाटावर बाकावर पिवळ्या पंजाबी ड्रेसमधली एक बोटाएवढी बाई बसवली होती, आणि तसा ड्रेस कल्पनाकडे होता. तिला काय ते समजलं. म्हणून तर खोली दिली तिने, नाहीतर ती कुणाला सोडणारी नव्हती!

त्या रेल्वेची एकच मिजास होती. तिला सांधा नव्हता. टेबलाच्या फळ्या एकमेकींत खाचून, चिकटवून, घासून एकसंध केलेल्या, आणि रूळ टोकाला टोक सोल्डर करून, कानस मारून असे गुळगुळीत केलेले की बोट फिरवा, काही लागायचं नाही. "सांधा आला की चूक आली," कृष्णकांत म्हणायचा. गाडी धावायची ती तुपावरून धावल्यासारखी, चिडीचूप.

ऋचाला मात्र हे पटलं नव्हतं. इंग्रजी शाळेतली पोर, मराठी अडखळत बोलायची. "बाबा, आपल्या ट्रेनला साउंड का नाही?"

"चांगल्या रुळाला आवाज नसतो, बाळा."

"पण रिअल ट्रेनला असतो ना? मग मी करते साउंड." आणि ती टेबलाभोवती गाडीबरोबर पळायची, तोंडाने खडक्-खडक्, खडक्-खडक् करत. पुढे सुट्टीत पुणे स्टेशनवर तिने पहिल्यांदा खरी गाडी पाहिली तेव्हा बापाचा हात घट्ट धरून म्हणाली, "ही खूप बिग आहे. आपली बरी." आता ती टोरांटोला असते. खोलीत पुन्हा चिडीचूप.

आता कल्पनाचं तत्त्व ऐका, म्हणजे पुढचा घोटाळा समजेल. गल्फमध्ये राहणाऱ्या बाईचं जे तत्त्व असतं तेच: जाताना इथेच टाकून जायचं आहे, तेव्हा चांगलं काही घ्यायचं नाही. कपाट जुन्या बाजारातलं. ताटल्या मेलामाइनच्या. चांगला कपबशांचा सेट पुण्यात वारज्याच्या फ्लॅटवर माळ्यावर, गवतात गुंडाळलेला. दोन वर्षांत जायचंच आहे असं म्हणत म्हणत केस पांढरे झाले, पण कल्पनाने चांगल्या कपातून चहा घेतला नाही. आणि त्याच घरात तिच्या नवऱ्याने असं एक प्रकरण उभं केलं जे खोलीच्या दारातून बाहेरच जाऊ शकत नव्हतं. खोलीत तुकड्यातुकड्यांनी आत गेलं आणि आत एकसंध झालं. जायचा विचार त्या वेळी कुणाच्या डोक्यात होता? जायचं तर असतंच, पण ते नेहमी पुढच्या वर्षी.

ते पुढचं वर्ष शेवटी उगवलं. प्रोजेक्ट संपलं, कंपनीने निरोपाचं घड्याळ दिलं, व्हिसा महिनाअखेरपर्यंत. फ्रिज गेला, गाडी गेली, सोफा शाळेतल्या मिसने नेला. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात. इथे शेपटं सगळी गेली आणि हत्ती तेवढा खोलीत राहिला.

रशीद घरमालक असला तरी भला माणूस. खाबुऱ्याच्या दिवसांपासूनची ओळख. तो खोलीच्या उंबऱ्यात उभा राहिला, हिंदीत, पण इंजिनियरला अरबी शब्द वापरून, म्हणाला, "मुहंदिस, खिडकीची जाळी काढ, चौकट काढ, मी काही बोलणार नाही. खिडकीतून बाहेर जाईल. पण ठेवू नको. नवीन भाडेकरूंना जुळी मुलं आहेत, त्यांना खोली पाहिजे. शुक्रवारपर्यंत खलास."

"इन्शाल्ला," कृष्णकांत म्हणाला. पण खिडकीतून बाहेर काढून न्यायची कुठे? वारज्याच्या फ्लॅटला काय हत्तीचं दार आहे?

तेव्हा रॉक डाबरे मदतीला आला. रॉक वसईचा, एका हॉटेलात मेन्टेनन्सला, आणि कृष्णकांतइतकाच रेल्वेवेडा. फरक इतकाच की हा बोलायचा. गल्फभरच्या खेळण्यातल्या रेल्वेवाल्यांचं दर थंडीत एक संमेलन भरतं. पहिला दिवस हॉलमध्ये भाषणं आणि सामानाची देवघेव. दुसऱ्या दिवशी बस करून घरोघरी जायचं आणि एकमेकांच्या रेल्वे बघायच्या. त्यात एक छान रीत आहे. प्रत्येक पाहुणा आपल्या घरून एक डबा खिशात घालून आणतो, यजमान ते सगळे डबे आपल्या इंजिनाला जोडतो आणि एक फेरी मारून आणतो. मगच चहा. यंदा संमेलन मस्कतला होतं. कृष्णकांतने आजवर आपलं घर यादीत घालू दिलं नव्हतं. अजून पूर्ण झालेली नाही, म्हणायचा.

"आता कधी पूर्ण होणार, शुक्रवारी?" रॉकने झापलं. "घर यादीत घालतोय मी. शेवटचं ठेवतो. मोठ्या मोठ्या बंगल्यांतली माणसं येतात. कोणतरी नेईल रे!"

एवढ्या एका आशेवर कृष्णकांतने आठवडा काढला. रात्री ब्रशने झाडांवरची धूळ झाडायचा, जेवताना ताटात बघून बसायचा. कल्पनाला ते बघवेना. नोकरी सुटली तेव्हा हा माणूस हलला नव्हता. सव्वीस वर्षांचा देश सुटतोय म्हणूनही हलला नव्हता. पण ती रेल्वे कुणी घेतली नाही, शुक्रवारी मजूर येऊन हातोडा घालून गेले, तर पुण्याला आपल्याबरोबर विमानात नक्की कोण बसणार, ह्याची तिला भीती वाटायला लागली होती.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णकांत म्हणाला, "तू बसमधून जा. मला इथे तयारी करायची आहे. कुणाच्या घरी जागा आहे, आणि दार केवढं आहे, तेवढं बघून ये. पण विचारू नकोस हं, बरं दिसत नाही."

"ताकाला जाऊन भांडं लपवायचं, असंच ना?" कल्पना म्हणाली. पण पर्समध्ये शिवणाची टेप टाकली आणि गेली. त्याआधी पाहुण्यांसाठी नारळाच्या वड्यांचं सारण तेवढं पहाटेच थापून ठेवलं. ताटं सगळी पॅक झालेली, उरली होती मोठी परात. परातीतच थापलं.

पहिलं घर रॉकचं, मस्कतच्या घाला भागात, तिसऱ्या मजल्यावर. आत शिरल्यावर कल्पनाला रेल्वे कुठे दिसेना. मग रॉकने दोरी सोडली आणि छतावरून कप्पीने एक फळी अलगद खाली आली. फळीवर वसई. केळीच्या बागा, चर्च, मिठागरं. बस भरून आलेली माणसं आ वासून बघत राहिली. रॉकची बायको क्लोटिल्डा कल्पनाच्या कानाशी लागली, "लोकांच्या डोक्यावर पंखा असतो गं, माझ्या डोक्यावर सगळी वसई. झोपताना आधी दोरीची गाठ बघते, मग प्रार्थना." दोघी अशा हसल्या की एका बहारीनच्या गृहस्थांनी वळून पाहिलं. कल्पनाने हळूच दार मोजलं. छे! नावच नको.

दुसरं घर डॉक्टर देविकाचं, मबेलाला. तरुण मुलगी, एकटी राहणारी. तिने कपड्यांच्या कपाटाचे खण उघडले. एकेका खणात रेल्वेचा एकेक तुकडा. ते काढून तिने जेवणाच्या टेबलावर मांडले, खालून बोल्ट आवळले, आणि बघता बघता घाटातून गाडी धावायला लागली. बाकी लोक गाडी बघत होते, कल्पना दारं बघत होती. तरी तिने जाता जाता सवयीने बोट फिरवून पाहिलं. इतकी वर्षं इन्स्पेक्टरची बायको होती, थोडं लागतंच.

"सांधा सापडला का, काकू?" देविकाने हसून विचारलं.

"सापडला. पण शोधावा लागला," कल्पना म्हणाली. "असे तुकडे का करतेस?"

"माझी कधी बदली होईल सांगता येतं का? दोन माणसांना जिन्यावरून उतरवता आलं पाहिजे, एवढं बघते. आमच्यात सगळे तसंच करतात. हेर्लेकर काका सोडून."

तिसरं घर अमीनचं. हा इथलाच, मस्कतचा, तरुण इंजिनियर, आणि घर हे एवढं! फाटकातून ट्रक जाईल. कल्पनाने टेप बाहेर काढली. आत मजलिसच्या, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या, चारी भिंतींवरून, बसायच्या लोडांच्या वरून गाडी फिरत होती. पण मजलिसचं दार नेहमीचंच, आणि खिडक्या उंचावर, हातभर. कल्पनाने नवऱ्याची आज्ञा खुंटीला टांगली आणि अमीनला सरळ विचारलं, "अमीन, आमची रेल्वे नेशील का? अख्खी."

अमीनने छातीवर हात ठेवला. "आंटी, सरांची रेल्वे म्हणजे मान आहे. पण ठेवू कुठे? अंगणात जागा आहे, पण उन्हाळ्यात अंगणात लाकूड राहील का?" नाहीच राहणार. मस्कतच्या उन्हाने लोखंड हात लावू देत नाही, तिथे प्लायवूडची काय कथा. परतीच्या बसमध्ये कल्पना खिडकीला डोकं टेकून बसली. टेप पर्समध्ये गुंडाळून ठेवली.

अल खौदला बस थांबली तेव्हा कृष्णकांत इस्त्रीच्या शर्टात दारात उभा होता. त्याने कल्पनाकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही म्हणून. तो "बरं" म्हणाला आणि पाहुण्यांना आत घेऊन गेला.

खोलीत माणूस मावेना. रशीदही आला होता, नव्या भाडेकरूला खोलीचं माप द्यायला, तो उंबऱ्यातच अडकला. कृष्णकांतने पाहुण्यांचे डबे एकेक करून हातात घेतले, इंजिनामागे लावले. दुबईचा डबा, बहारीनचा, कुवेतचा, रॉकचा वसईचा निळा, देविकाचा, अमीनचा. गाडी इतकी लांब झाली की शेपूट खाबुऱ्यात आणि तोंड डोंगराच्या पायथ्याशी. मग ती निघाली. बागेजवळून गेली, डोंगरात शिरली, अल खौदला त्या पिवळ्या ड्रेसवालीसमोरून सरकली, दुक्मच्या धुरांड्यांना वळसा घालून परत आली. आवाज म्हणून नाही. खोलीत कुणी खोकलंसुद्धा नाही. गाडी थांबल्यावर एक म्हातारे गोरे गृहस्थ टोपी काढून उभे राहिले.

"मला एक सांगायचंय," कृष्णकांत म्हणाला. "आम्ही जातोय. ही जाऊ शकत नाही. कुणाला हवी असेल तर... मला काही नको. फक्त चालू ठेवा."

माणसांनी मनापासून विचार केला. कुणी वाकून टेबलाच्या कडा मोजल्या, कुणी खिडकी मोजली, कुणी आपल्या घरचा गच्चीवरचा हॉल आठवला आणि मग जिना आठवून मान हलवली. टोपीवाले म्हणाले, "निदान फोटो तरी नीट काढून घेऊ." ते ऐकून कल्पना तिथे थांबली नाही. स्वैपाकघरात गेली.

ओट्यावर परात होती. सारण सुरेख आळलं होतं. डोळे पुसून तिने सुरी घेतली आणि वड्या पाडायला लागली. उभी एक रेघ, आडवी एक रेघ. मनात चडफड चालूच. मेला तो सांधा! एक सांधा ठेवला असता तर काय बिघडलं असतं? आता ही एवढी परात कुणी न्यायची म्हटलं तर नेईल का? उचलवणारसुद्धा नाही. पण वड्या पाडल्या की...

सुरी तशीच हातात धरून ती खोलीत परत आली. पाहुण्यांनी घाबरून वाट दिली.

"अहो," ती म्हणाली, "हिच्या वड्या पाडा."

"काय?"

"कापा म्हणते मी! अख्खी कुणाला नेता येत नाही ना? मग तुकडे करा. एक रॉकभाऊ नेतील, एक अमीन, एक देविकाच्या खणात जाईल. बोल्ट लावा खाली. वर्षातून एकदा ही माणसं जमतातच, तेव्हा जोडतील."

कृष्णकांतचा चेहरा पांढराफटक पडला. "कल्पना, अगं, एक सांधा नाही गं हिच्यात. एक नाही."

"तर तर! मोठी बिनसांध्याची!" कल्पनाचा आवाज चढला. बस भरून पाहुणे उभे आहेत, मराठी किती जणांना कळतंय, तिला कशाचं भान नव्हतं. "आपण कुठे अखंड राहिलो हो? तुम्ही दुक्मला, मी इथे, आई-बाबा तिकडे पुण्यात वारले तेव्हा आपण तिकीट शोधत होतो. पोरगी बर्फात जाऊन बसली. सगळे तुकडेच की! गुरुवारी जोडायचे आणि शनिवारी सोडायचे. झालं का नापास आपलं घर? चाललंच ना? का नाही चाललं, सांगा मला!"

कृष्णकांत टेबलाकडे बघत राहिला. त्याने हात पुढे केला आणि दुक्मकडून अल खौदकडे येणाऱ्या रुळावरून बोट फिरवलं, सावकाश, पार स्टेशनपर्यंत. मग चष्मा वर केला.

"आधी कापायचं नाही," तो रॉकला म्हणाला. "जिथे कापायचं तिथे दोन्ही बाजूंना पितळी स्क्रू मारायचे, रूळ त्यांना सोल्डर करायचे. मग बारीक करवत. उलटं केलंत तर रूळ उखडेल सगळा."

एवढं बोलला आणि खिशातून खडू काढला, तोच, ज्याने जन्मभर नळ्यांवर खुणा केल्या. रॉकने डोळे पुसत खोलीभर ओरडून सांगितलं, "यल्ला, शर्ट काढा, करवत आणा!" अर्ध्या लोकांना खरंच वाटलं शर्ट काढायचे आहेत.

वाटणी करायला वेळ लागला नाही. दुक्म रॉकने मागितलं, "आमचं तिथलं हॉटेलही मीच दुरुस्त करतो." डोंगर अमीनला. वादीचा पूल देविकाला, खणाच्या मापाने. मग उंबऱ्यातून रशीद पुढे आला. त्याने खजुरांमध्ये बोट घातलं. "ही विहीर माझ्या बापाची. इथे मी शेळ्या बांधायचो. हा तुकडा माझा." नवीन भाडेकरूचं माप तो विसरूनच गेला होता.

"आणि अल खौद?" कृष्णकांतने विचारलं.

कल्पनाने पर्समधून टेप काढली आणि स्टेशनावर धरली. "सुटकेसचं माप मला पाठ आहे," ती म्हणाली. "फलाट बसतो. बाकावरची बाई कुठे जायची नाही, माझ्याबरोबर येईल. तिच्या जागेसाठी इथल्या कपबशा टाकून जाऊ, जुन्याच आहेत."

पहिली करवत कुणी चालवायची यावर सगळे मागे सरले. कृष्णकांतनेच चालवली.

पुढच्या थंडीत दोघं टुरिस्ट म्हणून मस्कतला उतरली. कस्टममधल्या पोरीने खोक्याकडे बोट करून काय आहे विचारलं, तर कल्पना म्हणाली, "स्टेशन." पोरीने उघडून पाहिलं, आणि पलीकडच्या काउंटरवरच्या दोघांना बघायला बोलावलं.

अमीनच्या मजलिसमध्ये लोड बाजूला सारून सगळे तुकडे मांडले होते. खाबुऱ्याचा तुकडा रशीद स्वतः गाडीतून घेऊन आला होता, मांडीवर ठेवून. गाडी मुलाने चालवली. रशीदने विहिरीजवळ दोन शेळ्या वाढवल्या होत्या. मधे एक जागा रिकामी होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना रूळ येऊन थांबले होते. कृष्णकांतने अल खौद त्या जागेत बसवलं. रॉक खाली आडवा होऊन बोल्ट आवळत होता आणि वसईकडच्या भाषेत बोल्टाला नावं ठेवत होता.

पाहुण्यांचे डबे लागले. कल्पनाने फोन उभा धरला. टोरांटोला पहाट होती, ऋचा पांघरुणातून बघत होती. गाडी दुक्महून सुटली.

आणि पहिल्या सांध्यावर आवाज आला. खडक्-खडक्. मग दुसऱ्यावर. एवढे डबे, एवढी चाकं, प्रत्येक सांध्यावरून जाताना खडक्-खडक्, खडक्-खडक्. कृष्णकांत होता तिथेच उभा राहिला. त्याचे डोळे मिटलेले होते. घोरपडीच्या फाटकाशी उभा असेल तसा.

"बाबा!" फोनमधून ऋचा ओरडली. "बाबा, साउंड आला! मी केला नाही, तिने तिचा केला!"

टेबलाखालून रॉकने डोकं बाहेर काढलं. "सॉरी रे, कृष्णा. अल खौदच्या सांध्याला फट राहिली जरा. कानस आण, आत्ता घासून देतो."

"खबरदार हात लावशील तर," कृष्णकांत म्हणाला. गाडी फलाटावरून निघून गेल्यावर तो वाकला, त्या फटीवरून एकदा बोट फिरवलं, खिशातून खडू काढला आणि बाजूला बारीकशी बरोबरची खूण केली. कल्पनाने ती पाहिली. जन्मात पहिल्यांदा ह्या माणसाने फट असलेला सांधा पास केला होता. तिने फोन खाली नेऊन ती खूण ऋचाला दाखवली.